सोयाबीन वरून पिवळं पडतंय? युरियाचं पोतं फोडण्याआधी हे तपासा

आर्द्रात पेरलेलं सोयाबीन पुष्याच्या झडीत पिवळं पडतं. लातूर-परभणीकडच्या भारी काळ्या रानांत हे इतकं ठरलेलं आहे, की जुलैच्या शेवटी मला येणारे निम्मे फोन याच कामाचे असतात. माझ्या स्वतःच्या साडेचार एकरांत मी हे बारा हंगाम पाहिलं. पहिली तीन वर्षं चुकीचा इलाज केला, आणि त्यातल्या एका वर्षी तर इलाजानंच पीक आणखी पिवळं केलं. खालचा क्रम असे चटके खाऊन बसलेला आहे: आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, खर्चाचं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- पीक २० ते ४० दिवसांचं. चार-सहा दिवस झड लागली, रानात पाणी साचलं किंवा रान नुसतंच चिबडलं.
- शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. पान उजेडासमोर धरलं की हिरवी जाळी दिसते.
- खालची जुनी पानं मात्र चांगली हिरवी.
- फार झालं तर नवं पान पांढुरकं पडतं, कडेनं तपकिरी होतं, झाड बुटकं राहतं.
- सगळं रान सारखं पिवळं नसतं. सखल भाग, जुन्या नाल्याचा पट्टा, नांगरटीत चुनखडीचे खडे वर आलेली जागा, इथं जास्त.

हे जुळलं तर बहुतेक वेळा लोहाची उपासमार असते. जुळलं नाही तर दुखणं वेगळं. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र बघा. जुन्या पानांच्या फक्त कडा पिवळ्या असतील तर पालाश. नवं पान शिरांसकट एकसारखं फिकट असेल तर गंधक. पानावर भडक पिवळे आणि हिरवे डाग मिसळलेले, आणि इथं एक झाड, तिथं एक झाड असं असेल तर तो पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणू. आणि पीक नव्वदीला आल्यावर पिवळं पडत असेल तर अभिनंदन, काढणीची तयारी करा. (असाही फोन मला आलेला आहे.)

जमिनीत लोह भरपूर, मग पानाला का मिळत नाही?

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या तपासण्या म्हणजे अंधारात दगड मारणं. काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही. एकरभर रानात ते टनांनी भरेल. पण ते असतं फेरिक रूपात, गंजासारखं, पाण्यात न विरघळणारं. जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह सुमारे हजारपटीनं घटतं. आपल्याकडची चुनखडीची रानं सामू ८ च्या आसपास असतात. म्हणजे कोठार भरलेलं, पण कुलूपबंद.

सोयाबीनच्या मुळाकडे या कुलपाची किल्ली असते. लोह कमी पडू लागलं की मूळ तीन कामं वाढवतं. पेशीच्या आवरणातला पंप प्रोटॉन बाहेर टाकतो, म्हणजे मुळालगतची माती थोडी आंबट करतो. मग मुळाच्या पृष्ठभागावरचं फेरिक रिडक्टेज हे एन्झाइम (शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणायचे) फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस करतं. शेवटी एक वाहक प्रथिन ते फेरस आत ओढून घेतं. हे सगळं चालायला दोन गोष्टी लागतात: मुळाला ऊर्जा, आणि मुळालगतचा सामू खाली उतरणं.

झडीत नेमक्या या दोन्ही जातात. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की भारी रानात एक-दोन दिवसांत मुळाजवळचा ऑक्सिजन संपत येतो. मूळ श्वसन सोडून आंबवण्यावर येतं. पायरुव्हेट डिकार्बोक्झिलेज आणि अल्कोहोल डिहायड्रोजनेज ही एन्झाइमं वाढतात आणि मुळात चक्क अल्कोहोल तयार होऊ लागतं. या मार्गानं झाड जगतं खरं, पण एका ग्लुकोजमागे जिथं तिसाच्या आसपास एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळायचे तिथं हातात पडतात फक्त २. एवढ्यात प्रोटॉनचा पंप काय चालणार?

त्याच वेळी मुळं आणि मातीतले जिवाणू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड साचलेल्या पाण्यामुळं बाहेर निसटत नाही. तो विरघळून चुनखडीला खातो आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. मुळानं मोठ्या कष्टानं सोडलेलं आम्ल हे बायकार्बोनेट तिथल्या तिथं मारून टाकतं. सामू उतरत नाही, आणि चढ्या सामूला रिडक्टेजही मंदावतं. ज्या रानात चुनखडी नाही ते झडीनंतर लवकर सावरतं, आणि चुनखडीचं रान पिवळं राहतं, त्याचं कारण हे.

वर पानात काय होतं? हरितद्रव्य बनवणाऱ्या साखळीतल्या एका एन्झाइमला स्वतःच्या गाभ्यात लोह लागतं. ते मिळालं नाही की साखळी तिथंच अडते. जुन्या पानातलं लोह झाडाला सहज काढून वर पाठवता येत नाही, म्हणून नवं पान उपाशी आणि जुनं हिरवं. नत्राचं उलट असतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं रुबिस्को हे एन्झाइम मोडतं आणि त्यातलं नत्र शेंड्याला पाठवतं. म्हणून खालचं पान आधी जातं. वरचं पिवळं की खालचं, हा प्रश्न मी फोनवर सगळ्यात आधी विचारतो तो यासाठी.

१. बांधावरून नकाशा बघा (फुकट)

रानात शिरण्याआधी उंच जागी उभं राहून पिवळेपणाचा आकार बघा. सखल जागी ढगासारखे डाग असतील तर पाणी आणि लोह. पंपाच्या पट्ट्याच्या रुंदीइतक्या सरळ रेघा असतील, किंवा वळणाच्या जागी दोनदा फवारा पडून पिवळं जास्त असेल तर तणनाशक. सुटी सुटी झाडं असतील तर विषाणू किंवा किडा. जमिनीचं दुखणं कधी एकेक झाड निवडून येत नाही. नुसत्या या एका नजरेवर निम्मा निकाल लागतो, तरी लोक जवळ जाऊन एका पानाचा फोटो पाठवतात. माझी विनंती: एक फोटो पानाचा, एक बांधावरून.

२. मूठभर माती दाबा (फुकट)

वाफसा (पाणी निचरून मुळाला हवा मिळेल इतकीच ओल) आलाय का ते बघा. मूठभर माती दाबून सोडली तर ढेकूळ हलक्या धक्क्यानं फुटलं पाहिजे. गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर मुळं अजून गुदमरलेली आहेत. अशा वेळी फवारणी, खत, काहीही नको. उताराच्या बाजूला बांध फोडून किंवा फावड्यानं चर काढून पाणी बाहेर काढा, आणि वाफसा आल्या आल्या कोळपं चालवा. कोळप्यानं तण जातं ते आहेच, पण इथं त्याचं मोठं काम म्हणजे वरचा थर फुटून मुळाला हवा मिळणं.

माझ्या अंदाजानं दर दहा तक्रारींतल्या चार-पाच इथंच मिटतात. आठवडाभरात नवं पान हिरवं येतं. त्या आठवड्यात कुणी महागाचं टॉनिक मारलेलं असलं की श्रेय टॉनिकला जातं.

३. झाड खणून काढा, गाठी चिरा (फुकट)

उपटू नका, खुरप्यानं खणा. उपटलं की गाठी मातीतच राहतात. एक झाड पिवळ्या जागचं, एक हिरव्या जागचं. बादलीत मुळं हलवून धुवा.

मूळ पांढरं आणि टणक असेल तर झाड सावरण्यासारखं आहे. मूळ तपकिरी, मऊ, साल हातात निघणारी असेल तर मूळकूज. त्याचं पुढं सांगतो.

मग मुळावरच्या गाठी नखानं चिरा. आतून गुलाबी-लालसर असतील तर चालू आहेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. गाठीतल्या जिवाणूंचं नायट्रोजिनेज हे एन्झाइम मोठं नखरेल आहे: मोकळा ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण हवेतल्या नत्राचा एक रेणू बांधायला त्याला १६ एटीपी लागतात, आणि ते ऑक्सिजनशिवाय बनत नाहीत. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून मोजून-मापून पोचवतं, म्हणून दोन्ही साधतं. पाणी साचलं की हा पुरवठाच तुटतो. आतून हिरवट, करडी, पिचपिचीत गाठ म्हणजे बंद पडलेला कारखाना. अशा झाडाला लोहाबरोबर नत्राचीही चणचण असते, आणि खालची पानंही फिकी दिसतात. पीक तीन आठवड्यांच्या आतलं असेल आणि गाठी बारीक, पांढऱ्या असतील तर घाबरू नका, त्या अजून तयार व्हायच्या आहेत.

४. खोड उभं चिरा (फुकट, ब्लेड घरचंच)

आत लालसर नागमोडी बोगदा दिसला तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन समांतर खापा आणि वरचा भाग सुकलेला असेल तर चक्रीभुंगा. दोन्हीत पिवळेपणा हा अन्नाचा रस्ता तुटल्यामुळं आलेला असतो, त्यावर लोहाची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

५. फवारणीची वही उघडा

वही नसेल तर रिकाम्या बाटल्या शोधा. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी इमॅझेथापायर मारलं आणि लगोलग झड लागली, ही जोडी फार वेळा सापडते. हे तणनाशक झाडातलं एएलएस नावाचं एन्झाइम बंद पाडतं; व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं त्याच्याकडून बनतात. ती थांबली की तण मरतं. सोयाबीन मरत नाही, कारण त्याच्याकडची दुसरी एन्झाइमं हे औषध झपाट्यानं मोडून टाकतात. पण ढगाळ हवा, गारवा, गुदमरलेली मुळं अशा वेळी हे मोडण्याचं काम मंदावतं, आणि सोयाबीनही काही दिवस पिवळं, आखडलेलं दिसतं.

याला इलाज नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही. वाफसा आणि ऊन मिळालं की दोन आठवड्यांत पीक सुटतं. पुढच्या वर्षासाठी मात्र वहीत लिहा: पाणी साचलेल्या रानात, आभाळ भरलेलं असताना हे मारायचं नाही. डोस लेबलवरचाच, डोळ्यांच्या अंदाजानं "थोडं जास्त" नाही.

६. लिंबू आणि हिराकस (दहा-वीस रुपये)

पिवळ्या जागची सुकी माती बशीत घ्या, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे फुटले तर मोकळी चुनखडी आहे, आणि वर सांगितलेली बायकार्बोनेटची गोष्ट तुमच्या रानात घडतेय. हिरव्या जागच्या मातीलाही तेच करून बघा. दोन्हींतला फरक कानाला ऐकू येतो.

दुसरी चाचणी माझी आवडती. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. कापसाच्या बोळ्यानं दहा झाडांच्या नव्या पानाच्या एकाच अर्ध्या भागाला लावा आणि झाडाला दोरा बांधून ठेवा. चार-पाच दिवसांनी लावलेला अर्धा भाग हिरवा आणि उरलेला पिवळा दिसला तर दुखणं लोहाचं. आणखी कुणाला विचारायची गरज नाही. रंग आलाच नाही तर रानभर फवारण्याचा खर्च वाचला. मँगेनीज कमी पडलं तरी पान जवळपास असंच दिसतं, तेव्हा माती-पान परीक्षणाकडे वळा.

७. फवारणी

चाचणी जुळली तरच. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते विरघळल्यावर ५० ग्रॅम हिराकस. क्रम उलटा करू नका. विहिरी-बोअरच्या जड पाण्यात हिराकस आधी टाकलं तर त्यातलं फेरस लोह बघता बघता फेरिक होतं, पाणी तांबूस गढूळ दिसतं, आणि तुम्ही गंज फवारत असता. दुकानात घेतानाही खडे बघा: फिकट हिरवे हवेत. पिवळसर-तांबडी भुकटी झालेली असेल तर परत करा, किंमत कितीही कमी असो.

सकाळी दव उतरल्यावर किंवा चारनंतर मारा, शेंडा भिजेल असं. कडक उन्हात कोवळं पान करपतं. कीटकनाशक किंवा स्फुरदाचं विद्राव्य खत यात मिसळू नका. स्फुरदाबरोबर लोह खाली बसतं. सात-आठ दिवसांनी दुसरी फवारणी. हिराकसचा व्याप नको असेल तर ग्रेड-२ सूक्ष्म अन्नद्रव्य लेबलप्रमाणे चालतं, त्यात लोहासोबत जस्त, मँगेनीजही येतं.

चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं, म्हणून विरघळलेलं राहणारं) घेत असाल तर पाकिटावरचं नाव वाचा. ईडीटीए असेल तर फक्त फवारणीला. चुनखडीच्या मातीत टाकलं तर चढ्या सामूला ते लोह सोडून देतं आणि कॅल्शियमला धरतं. मातीतून द्यायला ईडीडीएचए लागतं, ते अशा सामूलाही टिकतं, पण भाव ऐकून सोयाबीनवाला परत फिरतो. मी ते फळबागेसाठीच ठेवतो.

गाठी बंद पडल्यामुळं खालची पानंही फिकी असतील तर वाफसा आल्यावर २ टक्के युरियाची (१० लिटरला २०० ग्रॅम) एक वेगळी फवारणी करता येते.

आणि जमिनीतून युरिया का नको

माझी ती तीन वर्षं इथं गेली. पिवळं दिसलं की हात आपोआप पोत्याकडे जातो. पण युरियाचं मातीत नायट्रेट होतं, आणि नायट्रेट आत घेताना मूळ त्याच्यासोबत प्रोटॉनही आत ओढतं. मुळालगतचा सामू वाढतो, म्हणजे लोहाचं कुलूप आणखी घट्ट. शिवाय आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना पोसणं कमी करतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा-उत्तर डकोटाच्या चुनखडीच्या रानांत पिवळ्या सोयाबीनमध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हिरव्या दिसतात. दबलेल्या मातीत नायट्रेट कमी राहतं, हे त्यामागचं एक कारण. मी एकरी अर्धं पोतं फेकलं त्या वर्षी माझ्या रानात याच्या उलट चित्र होतं: जिथं युरिया जास्त पडला तिथं जास्त पिवळं.

८. दरवर्षी तेच होत असेल तर

माती परीक्षण करून घ्या, पण नुसतं नत्र-स्फुरद-पालाश नको. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि उपलब्ध लोह मागा. पिवळ्या आणि हिरव्या जागचे नमुने वेगळे द्या. एकत्र कालवलेला नमुना दोन्ही जागांबद्दल खोटं बोलतो.

गंधक टाकून सामू उतरवायचा सल्ला मिळेल. हिशेब करा: एका एकरातल्या वरच्या वीतभर थरात १ टक्का चुना म्हणजे साधारण ९ टन. तो मारायला जवळपास ३ टन गंधक लागेल. आणि बऱ्याच रानांत चुना १ टक्क्याहून कितीतरी जास्त असतो. गंधक पिकाला अन्न म्हणून द्या, चुनखडी संपेल या आशेनं नको.

खरा फरक पडतो तो पाण्याच्या वाटेनं. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफनं पेरणी सुरू केल्यापासून माझा पिवळा पट्टा निम्म्यावर आला. सखल जागेतून कायमचा चर काढला, त्यावर उरलेल्यातला बराच गेला. वाण बदलायचा असेल तर शेजाऱ्याच्या शब्दावर नको. पिवळ्या पट्ट्यावर आडवे दोन-तीन वाणांचे तास टाका आणि पुष्यात येऊन बघा.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

- दोन फवारण्या होऊन दहा दिवस झाले, वाफसा आहे, आणि नवं पान अजून पिवळंच येतंय.
- झाडं पिवळी न पडता थेट मान टाकताहेत, बुडाशी पांढरी बुरशी किंवा मोहरीसारखे दाणे दिसताहेत, मुळं कुजलीत.
- पिवळा मोझॅकची झाडं रोज वाढताहेत. सुरुवातीची दोन-चार झाडं उपटून पुरता येतात, पिवळे चिकट सापळे लावता येतात. पण हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी शिवारभर झाली की एकट्याच्या हातात काही राहत नाही. कोणतं औषध, किती, हे तिथं माझ्यासारख्याला विचारू नका.
- माती परीक्षणात क्षारता चढी निघाली. ते दुखणं लोहाचं नाही आणि फवारणीनं जाणारं तर नाहीच.

अशा वेळी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठातले शास्त्रज्ञ. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. जाताना फोटोवर भागवू नका. पिवळ्या आणि हिरव्या जागची दोन-दोन झाडं मातीच्या गड्ड्यासकट खणून ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, सोबत फवारणीची वही. आणि सकाळी लवकर निघा. दुपारपर्यंत पान कोमेजलं की शिरा हिरव्या होत्या की पिवळ्या, हे कुणालाच सांगता येत नाही.